जोडा पायासाठी, पाय जोड्यासाठी नव्हे

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपली म्हण सांगते. पण जोडा पाहून पाय आखडून घ्यावेत, असे कोणत्याही म्हणीने सांगितलेले नाही. तरीही आपल्या देशातील असंख्य मुले व प्रौढ माणसे रोज नेमके हेच करीत असतात.

शिंपी अंगाचे माप घेतल्यावाचून कापडाला कात्री लावीत नाही. चष्मेवाला दृष्टी तपासल्यावाचून भिंग देत नाही. परंतु ज्या अवयवावर साऱ्या देहाचा भार, त्याच्यासाठी घ्यावयाचे पादत्राण मात्र आपण दुकानदारास ‘सात नंबर द्या’ एवढेच सांगून विकत घेतो. हा सात नंबर कोणी, केव्हा व कशाने मोजला, हे बहुधा कोणासच सांगता येत नाही. कित्येकदा तो पाच-सात वर्षांपूर्वी एखाद्या जुन्या जोड्याच्या तळावर वाचलेला आकडा असतो. शाळकरी मुलांच्या वाट्यास तर याहूनही विचित्र न्याय येतो. वाढत्या अंगाचे म्हणून दोन नंबर मोठे बूट घ्यावयाचे आणि पुढे कापसाचा बोळा कोंबावयाचा. दुसऱ्या वर्षी ते जेमतेम बरोबर होतात. आणि तिसऱ्या वर्षी, अजून फाटले नाहीत एवढ्याच कारणास्तव, तेच बूट बोटे दुमडून वापरावयाचे. म्हणजे तीन वर्षांपैकी दोन वर्षे पाय आणि जोडा यांचे वैर! याच जोड्यांनिशी ते मूल क्रीडादिनी शर्यतीस उभे राहते, दुसऱ्या दिवशी लंगडत शाळेत येते, ‘याच्या पायांत दमच नाही’ असा शेरा मिळविते, आणि पुष्कळदा धावणे कायमचे सोडून देते.

या प्रसंगी दोष पायाला दिला जातो. आमचे म्हणणे असे की, तो आधी जोड्यात शोधावा. पायाचे माप घेणे ही चैनीची बाब नसून आरोग्याची बाब आहे. आणि ती जबाबदारी एकट्या दुकानदारावर न सोडता घराने, शाळेने व शासनाने वाटून घेतली पाहिजे.

पाऊल म्हणजे दगडी पाया नव्हे

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे व ३३ सांधे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२ हाडे होतात. प्रौढ मनुष्याच्या देहातील एकूण २०६ हाडांचा हा जवळजवळ चौथा हिस्सा होय. शंभराहून अधिक स्नायू, स्नायुरज्जू व अस्थिबंध यांनी ही हाडे एकमेकांशी बांधलेली असतात. टाचेपासून चवड्यापर्यंत त्यांची एक कमान उभी राहते. भार पडताच ही कमान किंचित सपाट होते व भार उतरताच पूर्ववत होते. १९८७ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मोजून दाखविले की, धावताना पाऊल जमिनीवर टेकले असता जी ऊर्जा देहात शोषली जाते, तिच्यापैकी सुमारे १७ टक्के ऊर्जा एकटी ही कमान स्प्रिंगप्रमाणे साठवू शकते.

यावरून एक साधा निष्कर्ष निघतो. जी वस्तू भाराखाली पसरते, तिचे माप भाराखालीच घेतले पाहिजे. बसल्या जागी मोजलेले पाऊल उभ्या पावलापेक्षा आखूड व अरुंद भरते. अमेरिकन लष्करातील वैद्यकीय अधिकारी एडवर्ड मन्सन यांनी सैनिकांच्या पायांवर १९१२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. सैनिकास बूट बसतात की नाही हे त्याच्या पाठीवर ४० पौंडांचे ओझे देऊनच पाहावे, असा नियम त्यांनी घालून दिला. कारण सैनिक चालणार होता तो ओझ्यासह. धावणाऱ्याच्या पाठीवर ओझे नसते हे खरे. परंतु धावताना प्रत्येक पावलागणिक देहभाराच्या दुप्पट ते तिप्पट दाब जमिनीकडून पायावर येतो. चाळीस किलो वजनाच्या मुलाच्या एका पावलावर हा दाब सुमारे शंभर किलोंचा होईल. एक किलोमीटर अंतर धावताना साधारणपणे हजार पावले पडतात, म्हणजे प्रत्येक पायाच्या वाट्यास पाचशे. जोडा एखाद्या ठिकाणी किंचित टोचत असला, तर पाच किलोमीटरांच्या धावण्यात तो त्याच ठिकाणी अडीच हजार वेळा टोचतो. दुकानात दोन पावले चालून पाहताना जो त्रास नगण्य वाटतो, तो रस्त्यावर असह्य का होतो, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

जोडा आखूड असला की अंगठ्याचे नख पुढच्या टोकावर आपटते आणि नखाखाली रक्त साकळून ते काळे पडते. अरुंद असला की चवड्याची हाडे एकमेकांवर दाबली जाऊन बोटांत मुंग्या येतात, करंगळीवर घट्टे व कुरुपे धरतात, आणि अंगठ्याच्या मुळाशी बाहेर येणारे हाड अधिकच दुखू लागते. उलट, जोडा सैल असला की पाऊल आत घसरते, टाचेस फोड येतात, आणि जोडा निसटू नये म्हणून बोटे सतत आवळून धरावी लागल्याने सारा पायच शिणतो. २०१८ साली अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा ६३ ते ७२ टक्के लोकांच्या जोड्यांची लांबी वा रुंदी त्यांच्या पायांस जुळत नसल्याचे आढळले. आणि चुकीच्या मापाचा पायदुखीशी संबंध असल्याचेही त्यात दिसून आले. तेव्हा ‘माझा पायच वाकडा’ अशी खंत करणाऱ्याने प्रथम आपल्या जोड्याकडे पाहावे हे बरे.

दोन विजेत्यांची साक्ष

सप्टेंबर १९६० मध्ये रोम येथील ऑलिंपिक सामन्यांत इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन शर्यतीत अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत ती जिंकून त्याने जगास थक्क केले. या विजयातून अनवाणी धावण्याची महती पुष्कळांनी गाइली. परंतु घटनेचे मूळ फार साधे होते. शर्यतीपूर्वी त्याला मिळालेले नवे जोडे त्याच्या पायांस नीट बसत नव्हते. अनवाणी धावण्याचा सराव त्याला होता. म्हणून त्याने न बसणाऱ्या जोड्यांपेक्षा उघडे पाय पसंत केले. पुढे १९६४ साली टोकियो येथे तोच बिकिला जोडे घालून धावला आणि २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पुन्हा विजयी झाला. तात्पर्य, तो जोड्यांचा शत्रू नव्हता. न बसणाऱ्या जोड्यांचा होता.

दुसरी साक्ष आपल्याच देशातील आहे. पश्चिम बंगालमधील जलपाईगुडीची स्वप्ना बर्मन हिच्या दोन्ही पावलांना सहा-सहा बोटे. तिचे पाऊल साहजिकच रुंद. आणि बाजारातील जोडे पाच बोटांच्या, तेही अरुंद पावलांच्या हिशेबाने बेतलेले. धावणे, उड्या व फेक मिळून सात प्रकारांची हेप्टॅथलॉन ही तिची स्पर्धा, आणि तिच्यासाठी ती वर्षानुवर्षे पायांना जाचणारे जोडे घालून सराव करीत राहिली. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत तिने ६०२६ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले आणि त्यानंतर आपल्या पायांस बसतील असे जोडे मिळावेत, एवढीच मागणी जाहीरपणे केली. पुढे तिच्यासाठी तसे जोडे बनविण्यातही आले. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, मापाचा जोडा मिळण्यासाठी या मुलीस आधी सुवर्णपदक मिळवावे लागले. ज्यांना पदक मिळाले नाही, ज्यांनी दुखऱ्या पायांमुळे मैदानच सोडले, त्यांची मागणी कोण ऐकणार?

आकड्यांचा गोंधळ

आपण ज्या नंबरावर विसंबून राहतो, त्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. इंग्रजी पद्धतीतील एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. हे माप जवाच्या दाण्याच्या लांबीवरून आले. लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत चढतात आणि त्यानंतर मोठ्यांसाठी पुन्हा १ पासून सुरू होतात. युरोप खंडात दोन तृतीयांश सेंटिमीटरचा नंबर चालतो. अमेरिकेत दाण्याचे माप तेच, पण मोजणीचा आरंभ निराळा. शिवाय हे आकडे मुळात पायाची लांबी दाखवीत नाहीत. ज्या कलबुतावर जोडा चढवून शिवतात, त्या कलबुताची लांबी ते दाखवितात. प्रत्येक कारखान्याचे कलबूत वेगळे. म्हणून एका कारखान्याचा आठ नंबर दुसऱ्याच्या साडेसात नंबराइतका भरला तर त्यात नवल नाही.

याहून मोठी उणीव अशी की, नुसता नंबर रुंदीविषयी अवाक्षर काढीत नाही. पायाची लांबी, चवड्याची रुंदी आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचे अंतर अशी तिन्ही मापे एकदम घेणारे एक साधे धातूचे उपकरण अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात तयार केले. त्यात ना वीज लागते, ना यंत्र. असे असूनही आपल्याकडील बहुतेक दुकानांत ते दृष्टीस पडत नाही.

सुदैवाने आपल्या देशात या दिशेने काही पावले पडली आहेत. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ साली स्थापन झाली. या संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशाच्या पाच विभागांतील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक भारतीयांच्या पावलांची त्रिमितीय मापे घेतली. पाच वर्षांच्या मुलांपासून पंचावन्न वर्षांच्या प्रौढांपर्यंत सर्वांचा त्यात समावेश होता. भारतीय पाऊल युरोपीय वा अमेरिकन पावलापेक्षा सामान्यतः रुंद असते, असे या पाहणीत आढळले. अरुंद साच्याच्या जोड्यात पाऊल मावावे म्हणून आपण नंबर वाढवून घेतो; रुंदीची सोय होते, पण लांबी फाजील होते. या पाहणीवरून ‘भा’ नावाची आठ मापांची स्वदेशी पद्धती सुचविण्यात आली. हे कार्य स्तुत्य आहे. मात्र कागदावरील मापपद्धती दुकानाच्या फळीवर उतरली तरच तिचा उपयोग. आणि ती उतरण्यासाठी ग्राहकाने माप मागितले पाहिजे.

जोडा कसा निवडावा

यासाठी विशेष विद्वत्तेची गरज नाही. सायंकाळी, किंवा थोडे धावून आल्यावर, पाय किंचित फुगलेले असतात. तेव्हाच माप घ्यावे. भिंतीला टाच टेकवून कोऱ्या कागदावर उभे राहावे, देहाचा भार त्या पायावर द्यावा, आणि दुसऱ्या कोणाकडून पावलाभोवती पेन्सिल उभी धरून रेघ काढून घ्यावी. टाचेपासून सर्वांत पुढे आलेल्या बोटापर्यंतचे अंतर मोजावे. काहींचे दुसरे बोट अंगठ्याहून लांब असते, हे विसरू नये. मग चवड्याची सर्वाधिक रुंदी मोजावी. दोन्ही पाय मोजावेत. ते क्वचितच अगदी सारखे असतात, आणि जोडा मोठ्या पायाच्या मापाने घ्यावयाचा असतो. हा कागद दुकानात बरोबर न्यावा.

ज्या मोज्यांनी धावावयाचे तेच मोजे घालून, उभे राहून, दोन्ही जोडे चढवावेत. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी. जोड्याचा सर्वांत रुंद भाग चवड्याच्या सर्वांत रुंद भागाखाली यावा. बोटे वर-खाली मोकळेपणाने हलावीत. टाच मात्र घसरू नये. जोड्यातील सुटा तळ बाहेर निघत असेल, तर तो जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहावे; पाऊल कडेबाहेर येत असेल, तर तो जोडा अरुंद होय. अखेरीस दुकानाबाहेर दोन-चार मिनिटे पळून पाहावे. ‘वापरून सैल होईल’ हे आश्वासन धावण्याच्या जोड्याविषयी मानू नये. जो जोडा पहिल्या दिवशी दुखवितो, तो परत करावा.

येथे एका गैरसमजाचाही निरास केला पाहिजे. तळव्याची कमान उंच, मध्यम की सपाट हे पाहून त्या-त्या जातीचा महागडा जोडा घेतला म्हणजे दुखापत टळते, असा उपदेश अनेक वर्षे केला गेला. अमेरिकेच्या भूदल, वायुदल व मरीन दलांतील नवशिक्या जवानांवर याची परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष २००९ व २०१० साली प्रसिद्ध झाले. काहींना कमानीनुसार जोडे दिले, काहींना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. याउलट, ज्या सैनिकांना जोड्याच्या आतील तळ स्वतःच्या सोयीने निवडू दिले, त्यांना इतरांपेक्षा कमी दुखापती झाल्या, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. किंमत, रंग व जाहिरात यांपेक्षा पायाला लाभणारा आराम हा अधिक विश्वासू सल्लागार ठरतो.

तथापि, नीट बसणारा जोडा म्हणजे सर्व दुखण्यांवरील रामबाण उपाय, असेही आमचे म्हणणे नाही. धावणाऱ्यांच्या पुष्कळशा दुखण्यांचे कारण अतिरेक हे असते. आज एक किलोमीटर धावणाऱ्याने पुढच्या आठवड्यात दहा धावू नये. हाडे, स्नायुरज्जू व अस्थिबंध बळकट होतात, पण सावकाश होतात. १८५५ साली प्रशियातील लष्करी शल्यवैद्य ब्राइटहाउप्ट यांनी लांब संचलनानंतर सुजणाऱ्या सैनिकांच्या पायांचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर ती सूज म्हणजे चवड्याच्या हाडास गेलेली बारीक चीर असल्याचे कळले. अशी चीर उत्तम जोड्यातही पडू शकते.

अनवाणी पाय लाजिरवाणे नाहीत

‘ज्यांना एक जोडा घेण्याची ऐपत नाही, त्यांना मापाच्या गोष्टी काय सांगता?’ असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर असे की, न बसणाऱ्या जोड्यापेक्षा मऊ, स्वच्छ मैदानावर अनवाणी खेळणे पुष्कळदा बरे. १९९२ साली कर्नाटकातील संशोधक राव व जोसेफ यांनी २३०० मुलांच्या पावलांच्या ठशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडे घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वाढलेल्या मुलांत २.८ टक्के आढळले. उघडा पाय दुबळा असतो ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. अर्थात तापलेले डांबर, काचा, काटे आणि मातीतून त्वचेवाटे शिरणारे अंकुशकृमी यांपासून पायाचे रक्षण हवेच. पण बूट नाहीत म्हणून एखाद्या मुलास कवायतीच्या रांगेतून बाहेर काढणे, किंवा भावाचे आखूड झालेले बूट त्याच्या पायांत सक्तीने कोंबणे, हे शिस्तीचे नव्हे, अज्ञानाचे लक्षण होय.

वेदनेकडेही आपण याच दृष्टीने पाहिले पाहिजे. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, त्या रुग्णांच्या पायांस पडणाऱ्या जखमा मुख्यतः संवेदना नष्ट झाल्यामुळे पडतात. दुखत नाही म्हणून रुग्ण त्याच जागेवर भार देत राहतो. ज्याला वेदना कळते, त्याच्याजवळ एक पहारेकरी आहे. ‘खिलाडूपणाने सहन कर’ असे म्हणून त्या पहारेकऱ्याचे तोंड दाबू नये. सकाळी उठताच पहिल्या पावलाला टाचेत कळ येणे, हाडाच्या एकाच बिंदूवर दाबल्यास दुखणे, विश्रांतीनेही न थांबणारा ठणका, पायास बधिरपणा, यांपैकी काहीही आढळल्यास धावणे थांबवून डॉक्टरांस दाखवावे. मधुमेह्याने तर पायावरील लहानसा फोडही क्षुल्लक मानू नये.

तीन सूचना

आमच्या तीनच सूचना आहेत. पहिली, प्रत्येक शाळेने वर्षातून दोनदा, मुलांची उंची व वजन घेतले जाते त्याच वेळी, दोन्ही पावलांची लांबी व रुंदीही मोजून नोंदवावी. त्यासाठी एक फूटपट्टी, एक कागद व एक पेन्सिल पुरते. आणि शाळकरी वयात पाऊल वर्षाकाठी साधारण एक नंबर वाढत असल्यामुळे एकदा मोजून भागत नाही. याच नोंदींवरून लहान झालेले पण धड असलेले बूट मापाप्रमाणे एका मुलाकडून दुसऱ्याकडे देता येतील. मग जुना जोडाही न बसणारा राहणार नाही. दुसरी, प्रत्येक जोड्यावर तो किती मिलिमीटर लांब व रुंद पायासाठी बनविला आहे हे छापलेले असावे, आणि दुकानदाराने पाय मोजूनच जोडा द्यावा, असा आग्रह ग्राहकांनी धरावा. तिसरी, क्रीडाशिक्षकाने लंगडणाऱ्या मुलास शेरा देण्यापूर्वी त्याचा जोडा काढावयास सांगून त्याचे पाऊल पाहावे.

या सूचनांत खर्चाची बाब फारशी नाही. लक्ष देण्याची आहे. विज्ञान म्हणजे केवळ दुर्बिणी व प्रयोगशाळा नव्हेत. जी गोष्ट अंदाजाने चालली आहे ती मोजून पाहणे, आणि माप व रूढी यांत विरोध आला तर मापावर विश्वास ठेवणे, हाही विज्ञानाचाच आचार होय. त्याचा आरंभ आपल्या पायांपासून करण्यास काय हरकत आहे? वाचकांनी आज सायंकाळी घरातील प्रत्येकाचे पाऊल एका कागदावर उतरवून घ्यावे आणि त्याचा जोडा त्या रेघेवर ठेवून पाहावा. रेघ जोड्याबाहेर दिसली, तर इतके दिवस कोणी कोणासाठी त्रास सोसला, हे कोणास सांगावे लागणार नाही.